वाचकांचे प्रश्न : पाला खाणाऱ्या माशांच्या टाकीत कोणत्या वनस्पती लावाव्यात?

प्रश्न : आमच्या अडीच फुटी टाकीत चार गोल्डफिश आहेत. गेल्या तीन महिन्यांत तीनदा कॅबोम्बा आणि अँब्युलिया आणून लावले, पण दर वेळी आठवड्याभरात नुसत्या काड्या उरल्या. दुकानदार प्लॅस्टिकची झाडे लावा म्हणतात. मला खऱ्याच वनस्पती हव्या आहेत. कोणत्या टिकतील?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपण निवडलेल्या दोन्ही वनस्पतींची पाने मऊ, बारीक चिरलेली आणि तोंडात सहज मावणारी आहेत. गोल्डफिशच्या दृष्टीने ती सजावट नसून ताटात वाढलेली पालेभाजीच आहे. हा मासा रोहू, कटला आणि शेततळ्यांत सोडला जाणारा गवत्या यांच्याच कुळातला. या कुळातील माशांना जठर नसते. खाल्लेले अन्न सरळ लांब आतड्यात जाते, त्यामुळे दिवसभर थोडे थोडे चरत राहणे हा त्याचा स्वभावच आहे. केवळ जास्त दाणे घालून तो सुटणार नाही.

नवी खरेदी करण्यापूर्वी मात्र नुकसान नेमके कशामुळे झाले ते पाहावे, कारण मासा निर्दोष असल्याचेही पुष्कळदा आढळते. पानांच्या कडा कुरतडलेल्या असतील किंवा पाने जाऊन देठ उरले असतील, तर ते खाल्ले गेले. अख्खे रोप मुळांसकट वर तरंगत असेल, तर माशाने रेतीत अन्न शोधताना ते उपटले आहे. अशा वेळी वनस्पती बदलण्यापेक्षा ती रोवण्याची पद्धत बदलावी. पाने पारदर्शक, बुळबुळीत होऊन विरघळत असतील, तर बहुधा ते रोप पाण्याबाहेर वाढवलेले असून पाण्यात आल्यावर जुनी पाने टाकत आहे. क्रिप्टोकोरिन या पाणवनस्पतीच्या बाबतीत हे नेहमीच घडते. त्याची मुळे शाबूत असतील तर ते फेकून देऊ नये. नवी पाने येतात. आपल्या पत्रातील काड्यांवरून मात्र आपले मासेच दोषी दिसतात.

आपल्या टाकीसाठी माझी पहिली पसंती अनुबियासला आहे. पश्चिम आफ्रिकेतील ही वनस्पती आपल्या अळूच्या कुळातली आहे. तिची पाने जाड व चामड्यासारखी चिवट असतात, आणि अळूप्रमाणेच तिच्यातही ऑक्झलेटचे स्फटिक असल्याने एकदा चावून पाहिलेला मासा सहसा पुन्हा तिच्या वाटेला जात नाही. दुसरी पसंती जावा फर्नला, आणि थोडा जास्त खर्च चालत असेल तर आफ्रिकी बोल्बिटिस या नेच्याला. या तिन्ही वनस्पतींना कमी प्रकाश चालतो, आणि बोअरवेल किंवा टँकरचे जड पाणी मिळणाऱ्या सोसायट्यांमध्ये अनुबियास व जावा फर्न तरी विशेष कुरकुर करत नाहीत. शिवाय त्यांना रेतीत रोवायचेच नसते. त्यांचे जाड आडवे खोड दगडाला किंवा लाकडाला सुती दोऱ्याने बांधावे. ते रेतीत पुरले तर कुजते, आणि घरोघरी अनुबियास मरण्याचे हेच सर्वांत सामान्य कारण आहे. दगड जड असल्याने उपटण्याचा प्रश्नही मिटतो. जावा फर्नच्या पानांखाली काळे-तपकिरी ठिपके दिसले तर रोग समजून पान कापू नये, ते बीजाणूंचे पुंजके असतात.

या वनस्पतींचा दोष एकच, त्या अतिशय सावकाश वाढतात. दिवा दहा-बारा तास चालू ठेवला तर पानांवर शेवाळ धरते. सहा ते आठ तास पुरेसे आहेत. उन्हाळ्यात टाकीचे पाणी तिशीच्या वर जाऊ लागले तर जावा फर्न आणि गोल्डफिश दोघांनाही ते मानवत नाही, तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत टाकी खिडकीपासून दूर असावी.

मागील बाजूस उंच हिरवा पडदा हवा असेल तर व्हॅलिसनेरिया लावावा. त्याची फितीसारखी पाने गोल्डफिश अधूनमधून तोडतो, पण एकदा मूळ धरल्यावर तो धावत्या खोडांनी इतक्या वेगाने पसरतो की खाणे आणि वाढणे यांचा मेळ बसतो. तो लहान मातीच्या कुंडीत लावून वर माशाच्या तोंडापेक्षा मोठे गोटे ठेवावेत (मध्यम आकाराचे खडे माशाच्या घशात अडकतात), आणि पहिले तीन-चार आठवडे कुंडीभोवती नायलॉनची जाळी उभी करावी. हा धीर न धरता केलेला प्रयोग फसतो, हे मी स्वतः दोन वेळा अनुभवले आहे.

राहिला चरण्याचा प्रश्न. त्यासाठी हायड्रिला हा पाणवनस्पतीचा प्रकार मुद्दाम वाढवावा. बाल्कनीत ऊन येईल अशा जागी एका टबात तो ठेवावा, डासांच्या अळ्या होऊ नयेत म्हणून त्यात दोन-चार गप्पी मासे सोडावेत, आणि आठवड्यातून दोनदा मूठभर काड्या टाकीत घालाव्यात. हायड्रिला नसेल त्या दिवशी उकळत्या पाण्यातून काढलेला पालक किंवा साल काढलेले मटार द्यावेत. जादा झालेला पाला मात्र नदीत किंवा पाषाण तलावात सोडू नये. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने तिथे काय केले आहे, हे पुणेकरांना सांगायला नको.

प्रश्न : आमच्याकडे सहा सिल्व्हर डॉलर मासे आहेत. त्यांच्यासोबत अनुबियास टिकेल का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : भरवसा देता येणार नाही. सिल्व्हर डॉलर पिरान्हाचे नातलग असले तरी मुख्यतः शाकाहारी आहेत. गोल्डफिश चाखून सोडून देतो, हे मासे थव्याने येऊन फडशा पाडतात. सहा माशांच्या टाकीत जावा फर्नचा एखादा दगड ठेवून पंधरा दिवस पाहायला हरकत नाही, पण त्यावर मोठा खर्च करू नये. त्यापेक्षा मनीप्लांटची फांदी टाकीच्या काठावर अशी बसवावी की पाने पाण्याबाहेर राहतील आणि मुळे एका सच्छिद्र डब्यात, माशांच्या तोंडापासून सुरक्षित राहतील. पाण्यातील नायट्रेट ती मुळे शोषून घेतात आणि हिरवाईही दिसते. टाकीच्या आत लाकडाची ओंडकी व गोटे यांचीच मांडणी करावी. या माशांचे चंदेरी अंग त्यावर अधिक उठून दिसते, असे माझे मत आहे.

प्रश्न : दुकानातून आणलेली वनस्पती लगेच टाकीत घालावी का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : मासे ती खाणार असतील तर मुळीच नाही. रोपवाटिकेत फवारलेले कीटकनाशक पानांवर उरलेले असू शकते. रोप आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवावे आणि तीन वेळा पाणी बदलावे. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी ते एक दिवस आधी भरून ठेवावे. पानांच्या खालच्या बाजूला जेलीसारखे पारदर्शक ठिपके दिसले तर ती गोगलगायीची अंडी असतात; ती बोटाने पुसून काढावीत.