जुन्या वाद्यांवर बेथोव्हेनचे संगीत का वाजवावे?

व्हॉल्व्हचे (नळीची लांबी बदलणाऱ्या कळांचे) हॉर्न हे पितळी फुंकवाद्य आणि पोलादी तारांची व्हायोलिने हाताशी असताना, सुरात ठेवायला अवघड अशा जुन्या वाद्यांवर मोझार्ट-बेथोव्हेन वाजवण्याचा हट्ट कशासाठी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा प्रश्न जुन्याविषयीच्या आदराचा नाही. त्या वाद्यांच्या मर्यादा गृहीत धरूनच हे संगीत लिहिले गेले आहे, हे खरे कारण.

बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग घ्या. दुसरी स्वरकल्पना सुरू होण्याआधी हॉर्न एक ललकारी देतात. ती ई-फ्लॅट या पट्टीत आहे आणि हॉर्नही ई-फ्लॅटचेच असल्यामुळे ती दणदणीत उमटते. हीच ललकारी पुढे सी मेजर या पट्टीत परतते, तेव्हा मात्र बेथोव्हेन ती ‘बसून’ या लाकडी फुंकवाद्याला देतो. ही सिंफनी व्हिएन्नात १८०८ मध्ये प्रथम वाजली. व्हॉल्व्हचे पेटंट बर्लिनमध्ये निघाले ते १८१८ मध्ये. तोवर हॉर्नच्या नळीतून निसर्गतः निघतील तेवढेच स्वर मोकळे मिळत आणि उरलेले, भोंग्यात हात घालून, काहीसे दबके काढावे लागत. ई-फ्लॅटच्या हॉर्नवर सी मेजरचा षड्जसुद्धा असा हातानेच काढावा लागतो, मग ललकारी कुठली!

पुढे हॉर्नला व्हॉल्व्ह मिळाल्यावर अनेक कंडक्टरांनी ही ओळ हॉर्नला देऊन टाकली. बेथोव्हेननेही तेच केले असते, हा त्यांचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही; पण आधुनिक ऑर्केस्ट्रात बसूनचा आवाज तिथे फिका वाटतो, याचे एक कारण भोवतालची वाद्येच बलदंड झाली हेही आहे. तातीच्या (आतड्यापासून केलेल्या) तारांमध्ये आणि लाकडी काठ्यांनी वाजवलेल्या चामड्याच्या टिंपनी या नगाऱ्यांजवळ तोच बसून खरखरीत, ठाम ऐकू येतो. (सारंगीच्या मुख्य तारा आजही तातीच्याच असतात, त्यामुळे दमट हवेत त्या कशा त्रास देतात हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको.)

जुन्या वाद्यांवर वाजवण्याच्या या चळवळीचे सगळेच दावे मात्र मला पटत नाहीत. जुना ऑर्केस्ट्रा म्हणजे छोटा ऑर्केस्ट्रा, हे समीकरण तर सरळ चुकीचे आहे, कारण आपली सिंफनी ४० व्हायोलिने आणि १० डबल बास घेऊन वाजल्याचे खुद्द मोझार्टने १७८१ मध्ये वडिलांना आनंदाने कळवले होते. व्हिब्राटो (स्वर कापवत ठेवणे) पूर्ण वर्ज्य करण्याचा कंडक्टर रॉजर नॉरिंग्टन यांचा आग्रहही टोकाचा वाटतो. मोझार्टच्या वडिलांनी, लेओपोल्ड यांनी, १७५६ च्या आपल्या व्हायोलिनवरील ग्रंथात प्रत्येक स्वर कापवत ठेवणाऱ्यांची खिल्ली उडवली आहे खरी, पण याचाच अर्थ तसे वाजवणारेही तेव्हा होते.

ऐकायला सुरुवात करायची तर जुन्या वाद्यांवर वाजवून घेणारे कंडक्टर क्रिस्टोफर हॉगवुड यांच्या मोझार्टच्या सिंफनी किंवा जॉन इलियट गार्डिनर यांचा बेथोव्हेन घ्यावा. पाचवी सिंफनी लावल्यावर ती परतीची ललकारी येईल तेव्हा कान बसूनकडे ठेवावा आणि लगेच १९५०-६० च्या दशकांतील आधुनिक वाद्यांवरचे एखादे ध्वनिमुद्रण त्याच जागेपासून लावून पाहावे.