'वायुरूप' कोण: गुरू की सूर्य?

प्रश्न असा आहे: तारे म्हणजे 'तप्त वायूंचे गोळे' आणि गुरू-शनी हे 'वायुरूप ग्रह' असे आपण शाळेत शिकलो. दोन्हीकडे 'वायू' हाच शब्द बरोबर आहे का? नसेल, तर मराठीत दुसरा कोणता वापरावा?

सूर्याला 'वायू' चालेल. गुरूला मात्र तो फक्त वरच्या थरापुरता लागू पडतो.

आधी गुरू. 'वायूचा महाकाय ग्रह' (gas giant) ही संज्ञा इंग्रजीत आणली ती जेम्स ब्लिश या विज्ञानकथाकाराने, १९५२ मध्ये. ती आपण जशीच्या तशी उचलली. डिसेंबर १९९५ मध्ये गॅलिलिओ यानाने सोडलेली उपकरणांची कुपी गुरूच्या वातावरणात शिरली आणि तासाभराच्या आतच तिचे संदेश थांबले. तोवर ती जेमतेम दीडशे किलोमीटर खाली गेली होती आणि तिथला दाब आपल्या हवेच्या दाबाच्या वीस पटींहून जास्त होता. गुरूची त्रिज्या आहे सुमारे सत्तर हजार किलोमीटर! त्या खोलीत हायड्रोजन दाट दाट होत जातो, पण समुद्रासारखा पृष्ठभाग कुठेच लागत नाही. उणे २४० अंश सेल्सिअसच्या वर हायड्रोजन कितीही दाबला, तरी त्यात वायू आणि द्रव अशी सीमारेषाच पडत नाही. वायू कुठे संपला आणि द्रव कुठे सुरू झाला, हे बोट ठेवून दाखवता येणार नाही.

याच अवस्थेसाठी मराठीत एक देखणा शब्द तयार आहे: द्रायू. 'द्रव' आणि 'वायू' यांना जोडून तो घडवला आहे. जे वाहते ते द्रायू, म्हणून वाहत्या पदार्थांच्या शास्त्राला आपण द्रायुयामिकी म्हणतो. (सुटा शब्द लिहिताना 'यू' दीर्घ, समासात ऱ्हस्व, 'वायू' आणि 'वायुरूप' यांचे होते तसेच.) हा शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा दिसत नाही, याची मला खरोखर खंत वाटते. गुरूच्या पोटाचे इतके नेमके वर्णन करणारा दुसरा शब्द माझ्या माहितीत नाही.

आणखी खाली, आपल्या हवेच्या दाबाच्या दहा लाख पटींहून जास्त दाबाखाली, हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि तो वीज वाहून नेऊ लागतो. हा 'धातुरूप हायड्रोजन'. विग्नर आणि हंटिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञांनी तशी अवस्था असू शकते, हे १९३५ मध्येच मांडले होते. गुरूचे प्रचंड चुंबकीय क्षेत्र याच थरातून उपजते. इथे एक घोटाळा टाळावा. ताऱ्यांचा अभ्यास करणारे हायड्रोजन आणि हीलियम सोडून बाकी सगळ्यांना 'धातू' म्हणतात, अगदी ऑक्सिजनलासुद्धा. त्या 'धातू'चा या 'धातुरूपा'शी काही संबंध नाही.

आता सूर्य. केंद्रापाशी त्याची घनता पाण्याच्या सुमारे दीडशे पट, म्हणजे सोन्याच्या सात-आठ पट. तरीही तो वायूच. तिथले तापमान दीड कोटी अंश आहे. अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतात, उरलेली केंद्रके अतिशय लहान असल्याने त्यांच्यामध्ये मोकळी जागा भरपूर असते, आणि वेग इतका की परस्परांची विद्युत ओढाताण त्यापुढे किरकोळ ठरते. म्हणून दाब, तापमान आणि घनता यांचा शाळेत शिकलेला वायूचा साधा नियम सूर्याच्या गाभ्यातही बऱ्यापैकी लागू पडतो. हा विद्युतभारित वायू आहे हे सांगायचे असेल, तर 'प्लाझ्मा' सर्वांना कळतो; 'आयनद्रायू' हाही चांगला शब्द आहे.

युरेनस-नेपच्यूनना 'बर्फाचे ग्रह' म्हणताना तर जास्तच जपावे. तिथले 'बर्फ' म्हणजे पाणी, अमोनिया आणि मिथेन यांचे हजारो अंश तापलेले दाट मिश्रण.

तेव्हा मुलांसाठी लिहिताना सूर्य 'तप्त वायूचा गोळा' राहू द्यावा. गुरूबद्दल 'मुख्यतः हायड्रोजन आणि हीलियमचा महाकाय ग्रह' असे लिहावे, आणि मुले आठवी-नववीची असतील तर त्याच वाक्यात 'द्रायुरूप' हा शब्द बिनधास्त घालावा.