एम्ब्रियोचा 'ओपाल' विकू नका

तुम्ही विचारलंय की एम्ब्रियो या जर्मन जॅझ-रॉक बॅण्डचे 'स्टाइग आउस' आणि 'वी कीप ऑन' खूप आवडले, पण पहिला अल्बम 'ओपाल' विस्कळीत वाटला. ठेवू की विकून टाकू? ठेवा.

विस्कळीत वाटतो त्याला कारण आहे. तुम्हाला आवडलेले दोन्ही अल्बम १९७३चे, आणि दोन्हींत एकेक मुरलेला जॅझवादक आहे: एकात माल वॉल्ड्रन, दुसऱ्यात चार्ली मारियानो. ते वाजवू लागले की कान आपोआप त्यांच्यामागे जातो. १९७०च्या 'ओपाल'मध्ये असा मोठा माणूस नाही. एडगर होफमान व्हायोलिन आणि सॅक्सोफोनवर, जॉन केली गिटारवर, राल्फ फिशर बेसवर, आणि ड्रम्सवर क्रिस्टियान बुर्खार्ट. बॅण्ड म्युनिकचा, आणि माझ्या मते तो ड्रम्सवरूनच चालतो. म्हणून यावेळी गिटार सोडा, बुर्खार्टला धरा. रॉकमध्ये ड्रमर पाया घालतो आणि बाकीचे त्यावर चढतात. हा मात्र वाजवणाऱ्याशी बोलत राहतो, मध्येच अडवतो, पुन्हा वाट करून देतो. तो आधी वॉल्ड्रनबरोबर वाजवत होता, आणि ती तालीम इथे पदोपदी कळते. शेवटचं 'पीपल फ्रॉम आउट द स्पेस' दहाएक मिनिटांचं आहे. एवढा वेळ ते कुठेही पोकळ वाटत नाही, ते त्याच्यामुळेच.

गाण्याची बाजू लंगडी आहे, हे मान्य. इंग्रजी शब्द नसते तरी चाललं असतं.

अल्बम मागे पडला त्यात वेळेचाही वाटा असावा. त्याच वर्षी त्याच 'ओर' या रेकॉर्ड कंपनीकडून टँजरिन ड्रीम आणि गुरू गुरू या दोन जर्मन बॅण्डचे पहिले अल्बम आले. त्या दोघांचा आवाज एका वाक्यात सांगता येतो, 'ओपाल'चा येत नाही. पुढे १९७८-७९मध्ये एम्ब्रियो बसने अफगाणिस्तानमार्गे भारतात आले, बंगळूरच्या कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशनच्या कलाकारांबरोबर वाजवलं, आणि त्या प्रवासाचं नाव इतकं झालं की सुरुवातीचं काम निव्वळ प्रस्तावना ठरलं. मला हे पटत नाही. समोरच्याला जागा द्यायची सवय 'ओपाल'मध्येच पुरती दिसते.

आता रेकॉर्डची दुसरी बाजू आधी लावा, तीही शेवटच्या गाण्यापासून. मग 'ओपाल' हे पहिलं गाणं. काही सीडींवर 'लॉयफ्ट' नावाचं फार लांब वादन जोडलेलं आहे. ते चांगलं आहे, पण त्या दिवशी नको.