वाचकांचे प्रश्न: झाड पाडायचं तर शेंड्यावर कशाला चढायचं?

प्रश्न: मोबाईलवर एक जुना ब्लॅक अँड व्हाईट फोटो आला. अमेरिकेतलं जंगल, एक गडी झाडाच्या पार टोकाला दोर बांधून चिकटलाय आणि शेंडा तुटून खाली चाललाय. आमच्या कट्ट्यावर वाद पेटलाय, निम्मे म्हणतात फोटो खोटा, निम्मे म्हणतात स्टंट. पाडायचंच तर बुंध्यातनं पाडा की, वर मरायला कशाला जायचं?
– एक वाचक, कराड

उत्तर: दोन्ही पार्ट्या हरल्या. हे काम खरोखर चालायचं आणि तो स्टंट नव्हता, त्या गड्याची रोजची ड्युटी होती. गंमत अशी की तो ज्या झाडावर चढायचा ते झाड पाडायचंच नसायचं! आजूबाजूचं जंगल पाडायचं आणि हे एक खांब म्हणून उभं ठेवायचं.

कारण सांगतो. तिथले ओंडके कित्येक टनांचे, आधी बैल लावून ओढायचे, मग १८८१ साली कॅलिफोर्नियात जॉन डॉल्बीअरनं वाफेवर चालणारं विंच, म्हणजे दोर गुंडाळत ओझं ओढणारं यंत्र, काढलं, पण ओंडका जमिनीवरनं ओढला की त्याचं तोंड चिखलात नाहीतर खुंटात अडकणार. तोंड जरा उचलून धरायचं तर कप्पी उंचावर पाहिजे, आणि त्या डोंगरात ५०-६० मीटरचा खांब आणायचा कुठनं? मग जंगलातलाच एखादा सरळसोट डग्लस फर (तिथलं उंच वाढणारं सूचिपर्णी झाड) निवडायचा, फांद्या साफ, शेंडा उडवायचा, चारी बाजूंनी तारांचे ताण द्यायचे आणि वर ही भली दांडगी कप्पी चढवायची.

चढायला पायाला आतल्या बाजूनं लोखंडी काटे, कमरेच्या पट्ट्यापासून झाडाला वळसा घातलेला दोर, आणि खाली लोंबणारी कुऱ्हाड नि करवत. दोर झटक्यानं वर सरकवायचा, दोन पावलं चढायचं, परत सरकवायचा, वाटेत येईल ती फांदी छाटत जायचं. एक घाव चुकून दोरावर बसला तर विषयच संपला, म्हणून दोराच्या पोटात पोलादी तार असायची.

वर पोचलं की शेंडा जिकडं पाडायचा तिकडनं खाच मारायची आणि मागनं कापत यायचं. शेंडा सुटला की उरलेलं खोड उलट्या अंगाला झटका खातं आणि मग नुसतं मागंपुढं झुलत राहतं, वर गडी चिकटलेला. बघणाऱ्याला त्याचीच भीती वाटते, पण जाणत्याला भीती दुसरीच. कापताना खोड उभं चिरलं तर ते फाकतं, दोर आवळतो आणि माणूस दोर नि लाकडाच्या मधे चिरडतो. पळणार कुठं, स्वतःच बांधून घेतलंय ना! त्यामुळं खाच किती खोल, वारा कुठनं, शेंड्याचा भार कुठल्या अंगाला, हे ज्याला नजरेनं कळतं तोच वर जायचा आणि कॅम्पात त्याला पगारही दाबून मिळायचा. नुसत्या दंडाच्या जोरावर हे काम कुणी दिलं नसतं. पुढं लोखंडी टॉवर आले आणि हे गडी मागं पडले.

प्रश्न: तसल्याच फोटोंत दोन माणसं बुंध्यात फळ्या खोचून त्यावर उभी राहून करवत ओढतात. जमिनीवर उभं राहून काय बिघडत होतं?
– एक वाचक, विटा

उत्तर: त्या झाडांचा बुंधा खाली प्रचंड फुगलेला, राळेनं भरलेला, तिथं कापत बसलं तर दिवस जायचा आणि लाकूडही हलक्या प्रतीचं निघायचं. म्हणून दोन-चार मीटर वर खाच पाडून फळी अडकवायची, फळीच्या टोकाला लोखंडी नाल असायची, ती वजन पडलं की लाकडात रुतायची. त्या हलत्या फळीवर तोल सांभाळत तीन मीटरच्या वरची करवत ओढायची, आणि फक्त ओढायचीच, ढकलली की पातं वाकतं, समोरच्यानं ओढेपर्यंत हात सैल. राळ चिकटली की बाटलीतनं रॉकेल मारायचं. झाड कडकडलं की फळीवरनं उडी टाकून पळायचं. माझ्या मते यातला न दिसणारा हिरो म्हणजे कॅम्पात करवतींना कानस मारत बसणारा माणूस, त्याचा हात बिघडला तर पैलवानसुद्धा दुपारपर्यंत गळायचे.

आणि झाडं केवढी! आज उभा असलेला सर्वांत उंच रेडवूड (कॅलिफोर्नियाकडचं अवाढव्य सूचिपर्णी झाड) ११५ मीटरच्या वर आहे, आपलं कोयना धरण १०३. पण जुन्या रेडवूड जंगलातलं आता जेमतेम पाच टक्के उरलंय, हेही फोटो बघताना ध्यानात असू द्या.

प्रश्न: मी नीलगिरी, सिल्व्हर ओक उतरवायची कामं घेतो. तसले पायाचे काटे वापरले तर चालतील का?
– एक वाचक, पाटण

उत्तर: झाड पूर्ण काढायचं असेल तरच. नुसती छाटणी असेल तर काटे नकोत, सालीला भोकं पडतात आणि तिथनं कीड, बुरशी शिरते. दोर एक नाही, दोन घ्या, एक सोडून फांदीच्या वर बांधेपर्यंत दुसरा बांधलेला पाहिजे. हेल्मेट घाला, खालच्या पोरालाही घालायला लावा, वरनं तुटकी फांदी आली तर पहिला तोच सापडतो. झाड तोडायची परवानगी लागते का ते काम धरायच्या आधी बघा, मालक "काय होत नाही" म्हणतोय म्हणून कुऱ्हाड घालू नका. आणि जवळनं लाईन जात असेल तर महावितरणला सांगून ती बंद करून घ्या, ओली फांदी तारेला टेकली तर दोर कितीही भारी असला तरी उपयोग नाही.