सर्पपालन : प्रश्न वाचकांचे – डोलणारा स्पायडर

या महिन्यातली बहुतेक पत्रं बॉल पायथन या आफ्रिकेतल्या, पाळल्या जाणाऱ्या छोट्या अजगराची मान वाकडी होण्याबद्दलची आहेत. ‘स्पायडर’ हा त्याचाच एक रंगप्रकार. त्यातली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

चिरंजीवांनी गेल्या वर्षी ‘बंबलबी’ रंगाचा बॉल पायथन घेतला. उंदीर समोर धरला की तो मान पिळवटतो, डोकं उलटं करतो आणि झेप भलतीकडेच मारतो. विकणाऱ्याने सांगितलं, मोठा झाला की जाईल. खरंच जाईल का?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

नाही जाणार. बंबलबी म्हणजे स्पायडर अधिक पेस्टल, या दोन रंगप्रकारांचं मिश्रण, आणि तुम्ही वर्णन केलेलं डोलणं स्पायडरच्या जनुकासोबतच येतं. जगभरचे स्पायडर १९९९ च्या सुमारास आफ्रिकेतून आणलेल्या, रानात पकडलेल्या एकाच सापाचे वंशज आहेत. पाठीवरची कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी ज्या जनुकामुळे येते, त्याच जनुकामुळे कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग बिघडतो.

जर्मन संशोधकांनी २०२२ साली मायक्रो-सीटी या अतिबारीक स्कॅनने अशा सापांचे अंतःकर्ण तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. साध्या बॉल पायथनच्या तुलनेत स्पायडरच्या अर्धवर्तुळाकार नलिका रुंद आणि वेड्यावाकड्या निघाल्या, आणि सॅक्युलस नावाची पिशवी लहान निघाली. गवंड्याची पाणसळच वाकडी असेल तर भिंत सरळ कशी येणार? सापाला वर कुठे नि खाली कुठे, हेच नीट कळत नाही. शांत पडलेला असताना तो बराचसा ठीक दिसतो. भूक, भीती किंवा हाताळणी यांनी उत्तेजित झाला की डोलणं वाढतं. म्हणून दुकानात चार मिनिटं पाहून काहीच लक्षात येत नाही.

ही जन्मजात घडण आहे, आजार नव्हे. त्याला औषध नाही. बी-जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन पैसे घालवू नका.

दोघंही अगदी थोडं डोलणारे असे नर-मादी निवडले तर पिल्लं निर्दोष निघतील ना? पिढ्यान्‌पिढ्या निवड केली तर हा दोष धुऊन निघेल असं ऐकलं.
– एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

हा सल्ला वीसेक वर्षं फिरतो आहे आणि तो चुकीचा आहे. पैदास करणाऱ्यांनी स्पायडरला साध्या, नात्याबाहेरच्या सापांशी असंख्य वेळा जुळवून पाहिलं. नक्षी आली की डोलणंही आलं. दोष जवळच्या दुसऱ्या जनुकात असता तर एवढ्या जोड्यांत कुठेतरी तो सुटा झाला असता. कमी-जास्तपणाही वारशाने सरळ उतरत नाही: जेमतेम मान हलवणाऱ्या आईच्या एकाच वीणीत एक पिल्लू बरं असतं आणि दुसरं पाठीवर पडून गोल फिरतं.

हिशेब असा. स्पायडर प्रभावी गुण आहे, म्हणजे जनुकाची एकच प्रत आली तरी तो दिसतो. स्पायडर आणि साधा अशी जोडी लावली तर प्रत्येक अंड्याला निम्मी शक्यता. सहा अंड्यांत सरासरी तीन स्पायडर. उरलेल्या साध्या पिल्लांत हे जनुक नसतंच, त्यांच्यापासून पुढे धोका नाही. तुमच्या मनात असलेली स्पायडर-स्पायडर जोडी तर मुळीच लावू नका. जनुकाच्या दोन्ही प्रती आलेलं पिल्लू जगत नाही असंच आजवर दिसलं आहे, म्हणजे चौथा हिस्सा अंडी वाया, आणि जगलेल्यांत तीनांपैकी दोन डोलणारी. शॅम्पेन, वोमा आणि हिडन जीन वोमा या रंगांतही तोलाचा दोष आढळतो. यांच्यापैकी कुणाशी स्पायडर जुळवला तर परिणाम फार वाईट होतात.

नावं नीट वाचा, कारण ‘स्पायडर’ हा शब्द पाटीवर असेलच असं नाही. बंबलबी, किलर बी, हनी बी, स्पिनर या सगळ्यांत तो आहे. अंडी उबवताना तापमान चुकलं म्हणून पिल्लं डोलतात, ही सबबही ऐकू येते. जास्त उष्णतेने पाठीचा कणा वाकडा होऊ शकतो, पिल्लं मरूही शकतात. पण त्याच पेटीतली साधी भावंडं सरळ चालत असतील तर तापमानाला दोष देता येत नाही. ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटी या सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांच्या संस्थेने आपल्या मेळाव्यांत स्पायडरची विक्री बंद केली, ती याच कारणामुळे. आमचं मत स्पष्ट आहे: घरात आहे तो सांभाळा, त्याची पैदास करू नका.

आमचा अजगर साध्याच रंगाचा, चार वर्षांचा. गेल्या आठवड्यापासून मान तिरकी, तोंड वर. हाही तोच प्रकार का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

मुळीच नाही, आणि हे पत्र छापून येण्याची वाट तुम्ही पाहिली नसेल अशी आशा आहे. जन्मजात डोलणं अंड्यातून बाहेर आल्यापासून किंवा पहिल्या काही महिन्यांतच दिसतं. मोठ्या, साध्या रंगाच्या सापात ते अचानक सुरू झालं तर तातडीने पशुवैद्य गाठा.

आधी उष्णता तपासा. थर्मोस्टॅटचा (तापमान राखणाऱ्या यंत्राचा) सेन्सर हीट मॅटवरून (पेटी तापवणाऱ्या विजेच्या चटईवरून) निसटून पाण्याच्या भांड्यात पडला, की यंत्राला पेटी थंड वाटते आणि मॅट तापतच राहते. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा पेटीच्या गार बाजूलाही ३५ अंशांच्या वर गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. सेन्सर मॅटच्या पृष्ठभागावर चिकटपट्टीने पक्का बसवा. चिकटपट्टी पेटीच्या आत नको, सापाच्या खवल्यांना चिकटते.

मग विष. झुरळांचा फवारा, डासांचं लिक्विड, कपाटातल्या डांबरगोळ्या, यांपैकी काही त्या खोलीत वापरलं का? गोचिडीसाठी कुणी आयव्हरमेक्टिन दिलं का? बॉल पायथनला त्याने मज्जासंस्थेची लक्षणं होतात. मेट्रोनिडाझोल या जंतुविरोधी औषधाचा डोस जास्त झाला तरी असंच दिसतं. दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव आणि मात्रा कागदावर लिहून न्या.

तिसरी शक्यता सर्वांत वाईट: इन्क्लूजन बॉडी डिसीज हा विषाणूचा आजार. तो एका सापाकडून दुसऱ्याकडे जातो, सापांच्या अंगावरच्या बारीक किडींमार्फतही पसरतो असं मानतात, आणि बॉल पायथनमध्ये लवकर जीव घेतो. निदान होईपर्यंत हा साप वेगळ्या खोलीत ठेवा, त्याची भांडी-चिमटे वेगळे ठेवा आणि त्याचं काम शेवटी करा.

घरी करण्याजोगी एकच चाचणी: सापाला मऊ चादरीवर हलकेच उताणा करा. धड साप लगेच पोट खाली करतो. पाच-दहा सेकंद तसाच पडून राहिला तर परीक्षण तिथेच थांबवा. मोबाइलवर व्हिडिओ काढा, कारण दवाखान्यात साप बहुधा गुंडाळून बसतो. सरपटणाऱ्या प्राण्यांची सवय असलेला डॉक्टर ओळखीत नसेल तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.

स्पायडर घरात आहेच. त्याची पेटी आणि खाणं कसं ठेवावं?
– एक वाचक, महू

पेटी लांब-रुंद पण बुटकी ठेवा, ३५–४० सेंटिमीटर उंची पुरे. आत फांद्या नकोत. वर चढलेला स्पायडर पडतो. दोन लपणी हवीत, एक उबदार बाजूला आणि एक गार बाजूला, अंग चारही बाजूंनी टेकेल इतकी घट्ट. टेकू मिळाला की डोलणं उतरतं. पाण्याचं भांडं जड, पण उथळ. उबदार जागा ३१–३२ अंश, गार बाजू २५–२७, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास. डिसेंबरात रात्री इथे १० अंशांच्या खाली जातं; वीज गेली तर पेटीभोवती थर्माकोल लावा आणि कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या बाजूला ठेवा. मेमध्ये मॅट बंद ठेवून खोलीत कूलर चालवा.

जिवंत उंदीर कधीही देऊ नका. साधा साप पहिल्याच झेपेत पकडतो. स्पायडरची झेप चुकते आणि तेवढ्यात उंदीर चावतो. गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून बर्फ उतरवा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात इतका ठेवा की बाहेरून ३७–३८ अंश लागेल. मायक्रोवेव्ह नको, पोट फुटतं. ३० सेंटिमीटरच्या चिमट्याने, मंद उजेडात, तोंडापासून चार बोटांवर स्थिर धरा. लोक उंदीर नाचवतात. स्पायडरला त्यानेच जास्त गोंधळायला होतं. तीन झेपा चुकल्या तर उंदीर लपणीच्या दाराशी ठेवून दिवा बंद करा. खाल्ल्यावर ४८ तास हात लावू नका. एरवी उचलताना अंगाला दोन ठिकाणी आधार द्या, डोक्यावरून हात आणू नका.

त्याला त्रास होतो का, हे कसं ओळखायचं? सीटी स्कॅन करावा का?
– एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

स्कॅनचा खर्च करू नका. माणसांच्या सीटीला इतक्या बारीक नलिका दिसत नाहीत, आणि दिसल्या तरी उपचार बदलत नाही. त्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा. मोठा झालेला बॉल पायथन काही महिने खात नाही, त्याने एकदम घाबरू नका. पण दहा टक्के वजन उतरलं, पाणी पिताना डोकं बुडू लागलं किंवा उताणा झाल्यावर सरळच होता येत नसेल, तर डॉक्टरांशी शांतपणे मरण देण्याबद्दल बोला. ते त्यांनीच भूल देऊन करायचं. सापाला फ्रीझरमध्ये ठेवणं ही क्रूरता आहे.

कागदपत्रं लागतात का? आणि शेतात सापडलेला अजगर पाळला तर?
– एक वाचक, देवास

बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंदणी परिवेश या सरकारी पोर्टलवर मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे करावी लागते. नवा साप घेतला तर ३० दिवसांत. पिल्लं, हस्तांतरण, मृत्यू हेही कळवायचं असतं. विकणाऱ्याकडे त्याच्या नोंदणीची प्रत मागा. तो देत नसेल तर साप घेऊ नका. शेतातला अजगर भारतीय असतो आणि तो त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत (सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत) आहे, म्हणजे एक दिवससुद्धा घरी ठेवणं गुन्हा ठरू शकतो. त्याला हात न लावता वनविभागाला फोन करा, आणि ते येईपर्यंत लोकांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा.