निकॉन डी५६०० नंतर डी७५०० घ्यावा की थेट फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) डी७५०?

तीन वर्षं डी५६०० आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स, स्टेजवरच्या नाचाचे फोटो दाणेदार आणि हललेले येतात, म्हणून आता बॉडी बदलायची, असं तुमचं म्हणणं आहे. एवढ्याच तक्रारीसाठी बदलणार असाल, तर थांबा. आधी लेन्स घ्या.

मी हीच चूक करून बसलोय. सुरुवातीच्या कॅमेऱ्यावरून डी७२०० (डी७५०० च्या आधीचं मॉडेल) वर गेलो, लेन्स मात्र जुनीच ठेवली. पहिल्या कार्यक्रमाचे फोटो कॉम्प्युटरवर उघडले, तर दाणे तसेच. तेव्हा हिशेब मांडला, तो खरं तर खरेदीआधीच मांडायला हवा होता.

१८-५५ लेन्स ५५ वर नेली की अपर्चर (उजेड आत घेणारं छिद्र, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ/५.६ च्या पलीकडे उघडत नाही. नाच गोठवायला शटर किमान १/२५० सेकंद हवं, मग आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, ती वाढली की दाणे वाढतात) ६४०० पर्यंत चढतो. (लेन्समधलं व्हीआर, म्हणजे कंप कमी करणारी सोय, इथे कामाचं नाही. ते तुमचा हात सांभाळतं, नाचणाऱ्याचा पाय नाही.) त्याच जागेवर ५० एमएम एफ/१.८ लावली तर जवळजवळ दसपट उजेड आत येतो आणि आयएसओ ६४० च्या आसपास उतरतो. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ तुमच्या सेन्सरच्या सव्वादोन पटींहून थोडं जास्त, म्हणजे फायदा एका स्टॉपच्या जरा वर (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). साध्या लेन्सचा फायदा तीन स्टॉपहून जास्त. पूर्ण उघड्या अपर्चरला एका नर्तकीचा चेहरा फोकसमध्ये आणि शेजारचीचा धूसर असं होईल, म्हणून मी बहुतेक वेळा एफ/२.२ वर राहतो. तरीही पारडं लेन्सकडेच झुकतं.

लेन्स घेताना एक पाहा. डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. ५० एमएमच्या जुन्या ‘डी’ लेन्समध्येही ती नसते, त्यामुळे ती हातानेच फोकस करावी लागते, म्हणून स्वतःची मोटर असलेली एएफ-एस १.८जी घ्या. ती फुल फ्रेमसाठी बनलेली आहे, त्यामुळे पुढे डी७५० घेतलात तरी वाया जाणार नाही. उलट तुमची छोट्या सेन्सरसाठीची १८-५५ डी७५० वर लावली, तर कॅमेरा मधला तुकडाच वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात. म्हणजे डी७५० घेणं म्हणजे नव्या लेन्सही घेणं.

मग वरची बॉडी घ्यायचीच नाही का? घ्यायची, पण कारण वेगळं हवं. डी७५०० चे मेगापिक्सेल तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा कमीच आहेत, २०.९. तिथे पैसे जातात ते हाताला आणि डोळ्याला. डी५६०० वर मॅन्युअल मोडमध्ये अपर्चर बदलायचं तर एक बटण दाबून धरून डायल फिरवावी लागते. दोन डायल असल्या की अंगठा शटर पाहतो, तर्जनी अपर्चर, आणि डोळा व्ह्यूफाइंडरवरून हलत नाही. खुद्द व्ह्यूफाइंडरही मोठा, उजळ आणि पूर्ण फ्रेम दाखवणारा. डी७२०० मधून मला खरं मिळालं ते हेच, आणि ते कळायला महिना गेला. सेकंदाला ५ ऐवजी ८ फ्रेम्स मिळतात. त्याहून मोलाचं म्हणजे अंधारातला फोकस: डी५६०० उणे १ ईव्हीपर्यंत (उजेडाचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका अंधार जास्त) पकडतो, डी७५०० आणि डी७५० उणे ३ पर्यंत. उत्तम लेन्स लावूनही मंद प्रकाशात फोकस मागेपुढे शोधत बसला, तर बॉडी बदलायची वेळ आली समजा. त्याआधी मधल्या फोकस पॉइंटवर काम करून बघा, क्रॉस टाइपचे (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारे) ९ पॉइंट मधल्या भागातच आहेत.

वजनाचं कुणी सांगत नाही. नुसत्या बॉडीचे आकडे असे: डी५६०० ४१५ ग्रॅम, डी७५०० ६४०, डी७५० ७५०. तीन तासांचा कार्यक्रम उभ्याने काढायचा असेल तर मान हे आकडे नीट लक्षात ठेवते.

निकॉनने २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, त्यामुळे डी७५० वापरलेलाच पाहाल. शटर काउंट (आतापर्यंत किती क्लिक झाले) विचारा, शटरची चाचणी दीड लाख क्लिक्सपर्यंत केलेली असते. डी७५० च्या काही कॅमेऱ्यांत शटरचा दोष निघाला होता आणि निकॉनने ते सिरियल नंबरवरून तपासून दुरुस्त करून दिले होते, तेव्हा आधीच्या मालकाला दुरुस्तीबद्दल विचाराच. एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढून मोठा करून पाहा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतात. मिररलेसकडे (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे) जायचा विचार डोक्यात असेल तर एएफ-एस लेन्स निकॉनच्या एफटीझेड या जोडणीच्या अडॅप्टरवर ऑटोफोकससकट चालतात, जुन्या ‘डी’ लेन्स नाहीत.

मी तुमच्या जागी असतो तर आत्ता ५० एमएम घेऊन दोन-तीन कार्यक्रम काढले असते, आणि तरीही हात अडखळला तर डी७५० नव्हे, डी७५०० घेतला असता.