पुण्याच्या थंडीत बिअर्डेड ड्रॅगनला घरात शीतनिद्रेला कसं ठेवावं?

तुमचा बिअर्डी, म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन जातीचा पाळीव सरडा, दोन वर्षांचा आहे, नोव्हेंबरपासून खात नाही, दिवसभर लपण्याच्या डब्यात पडून असतो आणि तुम्हाला त्याला कोथरूडच्या फ्लॅटमध्येच नीट झोपवायचंय. माझा बिअर्डी खंडू सहा वर्षांचा आहे, चार हिवाळे झोपून उठलाय. त्यातला पहिला माझ्या मूर्खपणामुळे त्याच्या जिवावर बेतला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे की, झोपवलंच पाहिजे असं काही नाही. पिल्लं काढायची नसतील तर त्याच्या पेटीतले ऊब-उजेडाचे दिवे नेहमीसारखे चालू ठेवून हिवाळा काढला तरी बिघडत नाही. वर्षाच्या आतलं, बारीक किंवा आजारी जनावर तर मुळीच झोपवू नका. आणि ‘खात नाही, पडून असतो’ हे आजाराचंही लक्षण असतं. डोळे खोल गेलेत, शी पातळ आहे, तोंड उघडं टाकून श्वास घेतोय, शेपटीच्या मुळाशी हाडं दिसतायत, यातलं काही असेल तर विषय शीतनिद्रेचा नाही, डॉक्टरांचा आहे. तसं काही नसलं तरी ताजी शी तपासून घ्याच. कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) किंवा जंत असतील तर झोपेत त्यांच्याशी लढायची ताकद त्याच्यात उरत नाही. फक्त कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला सरड्यातलं कळतंच असं नाही, तेव्हा आधी फोन करून विचारा.

आता माझा किस्सा. रविवारी खंडूने सात-आठ झुरळं हाणली (विकतची, पाळलेली, मोरीतली नव्हे) आणि सोमवारी मी दिवा बंद केला. चार दिवसांनी पोट टम्म आणि तोंडाला वास. सरड्याचं अन्न बाहेरच्या उष्णतेवर पचतं; अंग गार पडलं की पोटातला किडा पचायचा थांबतो आणि तिथेच सडतो. डॉक्टरांमुळे वाचला. तेव्हापासूनचा नियम: शेवटच्या घासानंतर दोन आठवडे खाणं बंद, पण दिवा पूर्ण चालू, दिव्याखालची जागा ३८ ते ४० अंश. दिवसाआड कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बसवायचा. पाणी बाळाच्या अंघोळीचं बघतो तसं कोपर बुडवून बघावं. त्यात शी होते, पाणीही पितो. पोट रिकामं झालं याची खात्री पटल्याशिवाय पुढे जायचं नाही.

त्यानंतरच्या दोन आठवड्यांत दिव्याचे तास बारावरून हळूहळू आठ-नऊवर आणायचे, उष्णताही तशीच उतरवायची, मग दोन्ही बंद. हे काम दिव्यांनीच करावं लागतं, कारण पुण्यात डिसेंबरातला सगळ्यात छोटा दिवससुद्धा अकरा तासांचा असतो.

खरी गोम आहे ती पुण्याच्या थंडीत. पहाटे दहा-अकरा अंश, दुपारी तीस. मध्य ऑस्ट्रेलियात, म्हणजे या मंडळींच्या मूळ गावी, हिवाळ्यातल्या रात्री पाच अंशांच्या आसपास जातात, पण तिथे हा बिळात असतो आणि बिळातलं तापमान फारसं हलत नाही. आपल्या घरात दुपारी पंचवीस-सव्वीस झालं की तो अर्धवट जागा होतो, अंगातली चरबी जाळत राहतो, आणि पचायला लागणारी ऊब नसल्यामुळे त्याला खायलाही घालता येत नाही. ना धड जाग, ना धड झोप. म्हणून सगळी मेहनत जागा शोधण्यात घाला. तापमान पंधरा ते वीसच्या दरम्यान आणि शक्य तितकं स्थिर हवं. किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर घ्या आणि आठवडाभर घरातले कोपरे मोजा. माळा आईने सुचवला होता, पण वर गच्चीचा स्लॅब, दुपारी नुसती भट्टी. पश्चिमेची बाल्कनीही बाद. आमच्याकडे शेवटी उत्तरेच्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटाचा तळकप्पा जमला, खाली शहाबादी फरशी. आतल्या डांबरगोळ्या काढून महिनाभर कपाट उघडं ठेवलं. हे विसरू नका, तो वास त्याला विषारी आहे. झोपेच्या काळात घरात पेस्ट कंट्रोलही नको. आणि मुंग्यांवर नजर ठेवा, झोपलेला सरडा त्यांना झटकू शकत नाही.

भोकं पाडलेला प्लास्टिकचा क्रेट, आत जुन्या सुती चादरीचे तुकडे (टर्किश टॉवेल नको, नखं अडकतात), उथळ वाटीत पाणी. बस. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहायचं. सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्के घट, म्हणजे चारशे ग्रॅमच्या बिअर्डीला चाळीस ग्रॅम, झाली तर झोप तिथेच मोडायची आणि डॉक्टर गाठायचे. मध्येच उठून पाणी प्यायला तर पिऊ द्या. खायला मात्र अजिबात नको, आणि दया येऊन एकदम दिवाही लावू नका.

खंडू सहा ते आठ आठवडे झोपतो. फेब्रुवारीत दुपारी तापायला लागलं की आपणच चुळबुळ करतो. मग उलटा प्रवास, आठवडाभरात दिवे पूर्ववत. सुरुवात गुरुवारी करू नका, आमच्याकडे वीज नेमकी त्याच दिवशी जाते. यूव्हीबी (अतिनील किरण) देणारी नळी जुनी झाली असेल तर याच वेळी बदला, आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हावर विसंबू नका, काच यूव्हीबी अडवते. आधी कोमट पाणी, मग दिव्याखाली बसून अंग नीट तापलं की एखादा छोटा किडा. पहिले तीन-चार दिवस तोंड फिरवेल, घाबरू नका. खंडू दर वर्षी आधी लाल भोपळ्याचा कीसच खातो, किड्यांकडे नंतर बघतो.